काचेच्या टाकीतील किलीफिश : थोड्या जागेचा हुन्नर, सावकाश चालणारा जोडधंदा

दुकानात गल्ल्याशेजारी किंवा घरी बैठकीच्या खोलीत माशांची काचपेटी ठेवण्याची हौस आपल्याकडे नवी राहिलेली नाही. पण या हौसेचा शेवट बहुतेक ठिकाणी सारखाच होतो. एक गोल भांडे, दोन गोल्डफिश, रंगीत खडी आणि प्लास्टिकचे झाड घरी येते. पंधरा दिवसांत पाणी गढूळ होते, महिन्याभरात मासे मरतात आणि भांडे माळ्यावर जाते. घरातली मुले चार दिवस हळहळतात व पुन्हा कोणी मासे आणायचे नाव काढत नाही. यात दोष नशिबाचा नसतो. गोल्डफिश हा वीतभरापेक्षा मोठा होणारा, भरपूर खाणारा आणि पाणी तितकेच घाण करणारा मासा आहे. त्याला चार लिटर पाण्यात ठेवणे म्हणजे बैलाला पोपटाच्या पिंजऱ्यात कोंडण्यासारखे आहे.

जागा लहान असेल तर मासाही लहान हवा, आणि पाणी स्वच्छ ठेवण्याचे काम शक्य तितके जिवंत वनस्पतींवर सोपवायला हवे. या दोन्ही अटींत बसणारा मासा म्हणजे किलीफिश. त्याचे संगोपन कसे करावे आणि त्यातून जोडधंदा कितपत उभा राहू शकतो, याची माहिती व्यापारी व कारागीर बांधवांसाठी येथे देत आहोत. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. या धंद्यात झटपट पैसा नाही. ज्याच्या हाताला बारीक कामाची सवय आहे आणि ज्याला थांबता येते, त्याच्यासाठीच ही वाट आहे.

नावाला घाबरू नये

'किली' हा शब्द ऐकून गिऱ्हाइकाला वाटते की हा इतर माशांना ठार मारणारा मासा असावा. प्रत्यक्षात या नावाचा इंग्रजी 'किल' शब्दाशी संबंध नाही. डच भाषेत लहान ओढ्याला 'किल' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले असे मानले जाते. म्हणजे ओढ्यानाल्यांतला मासा. ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका सोडून बाकी सर्व खंडांत हे मासे आढळतात आणि त्यांच्या बाराशेच्या वर जाती आहेत. बहुतेकांची लांबी दोन-तीन इंचांच्या आतच असते. नर अत्यंत रंगीत आणि मादी साधी तपकिरी, ही बहुतेक जातींची ओळख आहे.

सुरुवातीसाठी तीन जाती

पहिली आपल्याच देशातली आहे. शास्त्रीय भाषेत तिला अप्लोकायलस ब्लॉकी म्हणतात, दुकानदार तिला ग्रीन पँचॅक्स म्हणतात. केरळ, तामिळनाडू, गोवा आणि श्रीलंका येथील उथळ, झाडोऱ्याच्या पाण्यात ती राहते. लांबी सुमारे दोन इंच. नराच्या हिरवट चकाकीच्या अंगावर तांबड्या व पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, तर मादीच्या पाठीवरच्या पराजवळ एक काळा डाग असतो. ब्लॉक नावाच्या एका जहाजी कप्तानाने हा मासा युरोपात नेला आणि १९११ साली तेथे त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, म्हणून हे नाव. या कुळातील माशांच्या डोक्यावर मधोमध एक पांढरा चकाकता ठिपका असतो, तो वरून पाहिल्यावर तिसऱ्या डोळ्यासारखा दिसतो. बंगालमध्ये यांच्याच एका भाऊबंदाला 'तेचोखा', म्हणजे तीन डोळ्यांचा, असे म्हणतात. नवशिक्याने याच जातीपासून सुरुवात करावी. आपले हवामान तिला मानवते आणि थोडी चूक झाली तरी ती निभावून नेते.

दुसरी जात गार्डनेरी. नायजेरिया व कॅमेरून हे तिचे मूळ देश. निळसर हिरव्या अंगावर लाल ठिपके आणि शेपटीला पिवळी किंवा पांढरी किनार, असा तिचा थाट असतो. नीट सांभाळल्यास दोन ते तीन वर्षे जगते. मात्र तिला गारवा लागतो. पाणी २२ ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे. पाणी २८ अंशांच्या वर बराच काळ राहिले तर तिचे आयुष्य घटते.

तिसरी जात गुंथेरी. ही झांझिबार बेटावरची. ज्या झांझिबारशी आपल्या पश्चिम किनाऱ्याचा शेकडो वर्षे गलबतांचा व्यापार चालला, तेथील पावसाळी डबक्यांत ही राहते. पाऊस संपला की डबके आटते आणि मासे मरतात. पण त्यांनी चिखलात घातलेली अंडी कोरड्या महिन्यांत जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. म्हणून अशा जातींना वार्षिक किलीफिश म्हणतात. टाकीतही यांचे आयुष्य साधारण वर्षभराचेच असते. हिच्याच कुळातील फुर्झेरी ही झिंबाब्वे व मोझांबिकमधली जात तर काही महिन्यांतच म्हातारी होते. त्यामुळे वार्धक्याचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञ ती प्रयोगशाळेत पाळतात, आणि २०१५ साली तिचा संपूर्ण जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला. पहिली जात जमल्याशिवाय या तिसरीकडे वळू नये.

टाकी आणि तिची मांडणी

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी पुरेशी आहे. काच पाच मिलिमीटर जाडीची असावी. तळापासून दहा इंचांपर्यंत पाणी भरावे, वरचे दोन इंच मोकळे ठेवावेत. माती-वाळूचा दोन इंचांचा थर वजा केला तर टाकीत सुमारे ३८ लिटर पाणी राहते. काच, माती व पाणी मिळून वजन ६० किलोच्या घरात जाते, म्हणून टाकी डगमगत्या टेबलावर किंवा भिंतीतल्या साध्या फळीवर ठेवू नये. खाली सपाट, मजबूत घोडी हवी आणि काचेखाली थर्माकोलचा पातळ तुकडा हवा. खिडकीसमोर थेट ऊन येईल अशी जागाही टाळावी.

काचकाम येणाऱ्या कारागिराने टाकी स्वतः जोडण्यास हरकत नाही. एकच काळजी घ्यावी. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते, ते माशांना विषारी ठरते. टाकीसाठी साधे, बुरशीनाशक नसलेले सिलिकॉनच वापरावे. जोड पूर्ण वाळू द्यावा, मग टाकी अंगणात किंवा गच्चीवर तीन दिवस भरून ठेवावी आणि गळती नाही याची खात्री झाल्यावरच घरात आणावी.

तळाशी एक इंच चाळलेली बागेची माती घालावी. तिच्यात शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलेले नसावे. त्यावर सव्वा इंचापर्यंत धुतलेली जाडसर वाळू पसरावी. मातीतून वनस्पतींना अन्न मिळते आणि वाळूमुळे माती पाण्यात उठत नाही. अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे ही साधी पद्धत जगभर रूढ झाली. महागडी यंत्रे न घेता, माती, उजेड आणि भरपूर वनस्पती यांच्या बळावर टाकी चालवायची, हे तिचे सूत्र आहे.

लागवड पहिल्याच दिवशी दाट करावी. चार-दोन काड्या खोचून 'वाढतील हळूहळू' म्हणणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. हायड्रिला, लांब पट्ट्यांसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट आणि वॉटर स्प्राइट या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती पाण्यातील घाण लवकर शोषतात. लाकडाच्या तुकड्याला किंवा दगडाला दोऱ्याने बांधलेला जावा मॉस आणि जावा फर्न कमी उजेडातही तग धरतात. पृष्ठभागावर थोड्या तरंगत्या वनस्पती सोडाव्यात. किलीफिशला डोक्यावर सावली आवडते. उघड्या झगझगीत टाकीत तो घाबरून कोपऱ्यात बसतो आणि त्याचे रंगही उतरतात. दिव्यासाठी दहा वॅटचा एलईडी रोज सात-आठ तास पुरे. त्याहून जास्त उजेड दिला तर काचेवर हिरवे शेवाळ चढते.

पाणी : येथेच खरी परीक्षा

टाकी भरली की त्याच संध्याकाळी मासे सोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते वनस्पती खत म्हणून घेतात. दाट वनस्पती तर अमोनियाही थेट शोषतात. पण या जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिला महिना टाकीत फक्त वनस्पती ठेवाव्यात. वनस्पतींना नवी पाने फुटू लागली आणि पाणी काचेसारखे दिसू लागले की पहिले दोन-तीन मासे सोडावेत, बाकीचे पंधरा दिवसांनी.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते बादलीत चोवीस तास उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे थेंब वापरावेत. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असते, ते नुसते ठेवून उडत नाही, तेथे थेंब वापरावेच लागतात. बोअरचे पाणी जड असेल तर त्यात निम्मे आरओचे पाणी मिसळावे. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी नळीने काढून तितकेच मुरवलेले पाणी हळूहळू घालावे. संपूर्ण टाकी रिकामी करून खसाखसा धुणे म्हणजे मेहनतीने बसवलेली जिवाणूंची वस्ती मोरीत ओतणे होय. टाकी महिन्यातून एकदा धुवावी, हा आपल्याकडचा गैरसमज किती मासे मारतो याची गणती नाही.

गाळणीसाठी हवेच्या लहान पंपावर चालणारा स्पंज पुरेसा आहे. किलीफिशला पाण्याचा जोराचा प्रवाह नको असतो. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नळाखाली नव्हे. उन्हाळ्यात पाणी तापले तर झाकणाच्या जागी बारीक जाळी लावून पृष्ठभागावर लहान पंखा सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. दमट किनारपट्टीवर हा उपाय कमी पडतो, तेथे बर्फ केलेली पाण्याची बंद बाटली दुपारी टाकीत तरंगती ठेवावी. हा सर्व खटाटोप नको असेल तर गार्डनेरीचा नाद सोडून ब्लॉकीवरच समाधान मानावे.

झाकण विसरू नये

किलीफिश पट्टीचा उडी मारणारा आहे. डबक्यातून डबक्यात जाण्याची त्याची ही उपजत सवय. आमच्या पहिल्या टाकीत हवेची नळी आत सोडण्यासाठी झाकणाच्या कोपऱ्यात अर्ध्या इंचाची फट ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत देखणा नर कपाटामागे वाळलेला सापडला. तेव्हापासून नळीच्या भोवतीची फटही आम्ही स्पंजने बुजवतो. नवीन मासा आणला की पहिले तीन दिवस तो उड्या मारण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

माशांची संख्याही बेताची ठेवावी. या मापाच्या टाकीत दोन नर व चार-पाच माद्या असे ब्लॉकी आरामात राहतात. गार्डनेरीचा मात्र एकच नर व दोन-तीन माद्या ठेवाव्यात, कारण दोन नर एकमेकांना फाडतात. वरच्या तोंडाचा मासा असल्याने तो खाद्य पृष्ठभागावरून टिपतो आणि तोंडात मावेल असे कोणतेही पिल्लू गिळतो. म्हणून त्याच्यासोबत गप्पीची पिल्ले ठेवू नयेत.

खाद्य

किलीफिश मांसाहारी आहे. काही मासे सुके खाद्य शिकतात, पण रंग, ताकद आणि अंडी ही जिवंत खाद्यावरच मिळतात. सर्वांत सोपे खाद्य म्हणजे आर्टेमिया. याची वाळलेली अंडी डब्यात मिळतात. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, सतत हवा आणि २६ ते २८ अंश तापमान दिले की २४ ते ३६ तासांत सूक्ष्म नारिंगी जीव बाहेर पडतात. ते गाळून, गोड्या पाण्यात खळाळून मग टाकीत सोडावेत. ट्युबिफेक्सच्या अळ्या गटाराच्या पाण्यातून येतात, त्यांच्याबरोबर रोगही येतो. त्या टाळलेल्या बऱ्या.

डासांच्या अळ्या हे या माशाचे नैसर्गिक आवडते खाद्य आहे. पण त्यासाठी घरात किंवा गच्चीवर पाणी साठवून डास वाढवण्याची चूक कोणीही करू नये. डेंग्यू व मलेरियाचा धोका तर आहेच, शिवाय डासांची पैदास होऊ देणे पालिकेच्या नियमांखाली दंडास पात्र आहे.

रोगांपैकी मखमली रोगाकडे लक्ष ठेवावे. अंगावर सोनेरी भुकटी टाकल्यासारखी दिसते, मासा अंग घासतो आणि श्वास जलद होतो. गुंथेरीच्या कुळात हा रोग जास्त होतो. दहा लिटर पाण्याला एक चहाचा चमचा जाडे मीठ घातल्यास या रोगाला बराच आळा बसतो.

अंडी : येथे कारागिराचा हात लागतो

किलीफिशची अंडी मिळवण्याची रीत आपल्या यंत्रमाग आणि विणकामातल्या वाचकांना आपलीशी वाटेल. गडद हिरव्या किंवा काळ्या अॅक्रिलिक लोकरीचे हातभर लांब चाळीस-पन्नास धागे घ्यावेत, मधोमध बांधावेत आणि बुचाच्या तुकड्याला अडकवून पाण्यात सोडावेत. जगभरचे किलीपालक हीच लोकरीची लडी वापरतात. धागा कृत्रिमच हवा, सुती धागा पाण्यात कुजतो. वापरण्याआधी तो रंग सुटेनासा होईपर्यंत दोन-तीनदा उकळावा.

ब्लॉकी व गार्डनेरीची मादी या धाग्यांत रोज थोडी-थोडी अंडी घालते. अंडे मोहरीच्या दाण्याहूनही लहान, काचेसारखे पारदर्शक असते आणि बारीक तंतूने धाग्याला चिकटते. तीन-चार दिवसांनी लडी बाहेर काढून पिळावी व एकेक धागा उजेडापुढे धरून अंडी बोटांनी वेचावीत. अंडी इतकी टणक असतात की हलक्या चिमटीने फुटत नाहीत. फुटलेले अंडे फोलच समजावे. जरीकाम करणारा, घड्याळ दुरुस्त करणारा किंवा नगिने बसवणारा माणूस जे काम दहा मिनिटांत करील, त्याला इतरांना तासही पुरत नाही. वेचलेली अंडी उथळ डब्यात, मिथिलीन ब्लूच्या एक-दोन थेंबांनी फिकट निळ्या केलेल्या पाण्यात ठेवावीत. पांढरी पडलेली अंडी रोज काढून टाकावीत, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांना लागते. ब्लॉकीची पिल्ले साधारण दोन आठवड्यांत, गार्डनेरीची दोन ते तीन आठवड्यांत बाहेर येतात. गार्डनेरीचे पिल्लू पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खाते. ब्लॉकीचे पिल्लू फार बारीक असल्याने त्याला पहिला आठवडा पाण्यातील सूक्ष्म जीवांवर वाढवावे लागते. जुन्या टाकीतील जावा मॉसचा गोळा पिलांच्या डब्यात ठेवला तर हे जीव आपोआप मिळतात.

गुंथेरीची रीत वेगळी. तिला धागा नको, चिखल हवा. नारळाच्या काथ्याचा भुसा अनेकदा उकळून, पाण्याचा रंग जाईपर्यंत धुऊन, तोंडाला भोक पाडलेल्या डब्यात भरून टाकीत ठेवावा. मासे त्यात शिरून अंडी घालतात. आठ-दहा दिवसांनी भुसा गाळून, पिळून, कागदावर पसरावा आणि विडीच्या तंबाखूइतका दमट राहिला की प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तारीख लिहावी. पिशवी सुमारे तीन महिने अंधाऱ्या कपाटात राहू द्यावी. भिंगातून अंड्यात पिलाचे डोळे सोनेरी कड्यासह दिसू लागले की भुशावर गार पाणी ओतावे. काही तासांतच पिल्ले पोहू लागतात.

येथे निसर्गाची एक शहाणपणाची व्यवस्था ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिल्या पाण्याला सर्व अंडी फुटत नाहीत. काही झोपूनच राहतात. भुसा पुन्हा सुकवून महिन्याभराने भिजवला की त्यातली आणखी काही फुटतात. कारण पहिला पाऊस फसवा असू शकतो. डबके आठ दिवसांत आटले तर सारी पिल्ले एकदम मरतील, म्हणून थोडी अंडी पुढच्या पावसासाठी राखून ठेवलेली असतात. मृगाच्या पहिल्या सरीवर सगळे बियाणे पेरून बसलेल्या शेतकऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

हिशेब

आता व्यवहाराकडे वळू. एका टाकीचा विजेचा खर्च नगण्य आहे. दहा वॅटचा दिवा आठ तास म्हणजे महिन्याला सुमारे अडीच युनिट, आणि तीन वॅटचा पंप दिवसरात्र चालला तरी सुमारे सव्वादोन युनिट. दोन्ही मिळून पाच युनिटांच्या आत. खरा खर्च जागेचा व वेळेचा आहे.

उत्पादनाचा हिशेब नेहमी हात आखडून करावा. समजा, एका आठवड्यात ३० अंडी मिळाली. त्यातली २० फुटली आणि १२ पिल्ले मोठी झाली. त्यात निम्मे नर धरले तर हाती आल्या सहा जोड्या. त्या विकण्याजोग्या व्हायला आणखी तीन-चार महिने. या काळात दर आठवड्याची पिल्ले वेगळी ठेवावी लागतात, कारण मोठे पिल्लू लहानाला खाते. म्हणजे एका टाकीच्या धंद्याला पिलांसाठी आणखी बरेच डबे लागतात. जो हा हिशेब आधी मांडत नाही, तो चौथ्या महिन्यात कंटाळतो.

माशांच्या आधी विक्रीला येतात त्या वनस्पती. हायड्रिला व हॉर्नवर्ट दर पंधरवड्याला छाटावेच लागतात, जावा मॉस वाढतच राहतो. पहिल्या वर्षी टाकीचा खर्च निघाला तर तो बहुधा या छाटणीतूनच निघतो. मुंबईत कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केटचा परिसर शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी जुना प्रसिद्ध आहे. तेथे एक-दोन फेऱ्या माराव्यात, भाव विचारावेत, कोणती जात पडून आहे आणि कोणती उचलली जाते ते पाहावे. सर्वसाधारण गिऱ्हाईक किलीफिश मागत नाही, हौशी माणूस शोधत येतो. त्यामुळे मागणी थोडी पण ठाम असते. बाजारात एकाच वेळी पाचशे जोड्या ओतल्या तर त्या कोणीच घेणार नाही.

तीन सावधगिऱ्या

पहिली भांडवलाबद्दल. 'आमच्याकडून जोड्या घ्या, पिल्ले आम्हीच परत विकत घेऊ' अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. इमू पालनात अशाच हमीवर अनेकांनी घरदार गहाण टाकले आणि २०१२ च्या सुमारास त्या योजना कोसळल्या तेव्हा लोकांच्या हाती फक्त खाणारे पक्षी उरले. ज्या मालाचे गिऱ्हाईक केवळ विकणाराच आहे, त्याला बाजार नाही असे समजावे. पहिले वर्ष एकच टाकी, स्वतःच्या बचतीतून, आणि चालू धंदा न सोडता.

दुसरी निसर्गाबद्दल. ओढ्यातून मासे उपसून विकणे हा सोपा वाटणारा मार्ग आहे, पण तो पुढच्या पिढीची पुंजी खाण्यासारखा आहे. सह्याद्रीच्या दक्षिणेकडील नद्यांतला 'मिस केरळ' हा सुंदर मासा परदेशी बाजारासाठी इतका पकडला गेला की आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. मूळ जोडी पाळलेल्या माशांतूनच घ्यावी. तसेच परदेशी मासा किंवा टाकीतली वनस्पती कधीही विहिरीत, तळ्यात वा नाल्यात सोडू नये. डास मारण्यासाठी म्हणून १९२८ साली भारतात आणलेला गंबुसिया हा अमेरिकी मासा स्थानिक माशांची अंडी-पिल्ले फस्त करतो असे पुढे अनुभवाला आले. परदेशातून मासे किंवा अंडी मागवायची तर केंद्र सरकारचा आयात परवाना लागतो. पाकिटात घालून टपालाने गुपचूप मागवलेली अंडी हा कायद्याचा भंग आहे.

तिसरी गिऱ्हाइकाबद्दल, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. गुंथेरी वर्षभरच जगतो हे विकण्यापूर्वी सांगावे. सहा महिन्यांचा मासा तरणा म्हणून विकला तर गिऱ्हाइकाच्या घरी तो थोड्याच महिन्यांत मरेल, आणि ते गिऱ्हाईक समजेल की आपलेच काही चुकले. ते पुन्हा येणार नाही आणि कोणाला पाठवणारही नाही. पिशवीवर जातीचे नाव, जन्माचा महिना आणि अंदाजे आयुष्य लिहून दिले तर दोन जोड्या कमी विकल्या जातील, पण विकत घेणारा पुढच्या वर्षी त्याच दारात येईल. उडी मारण्याची सवय, झाकणाची गरज, जिवंत खाद्य, हे सर्व त्याला आधीच सांगावे. ज्याला ते झेपणार नाही त्याला मासा न विकणे, हाही व्यापारच आहे.

काय करावे

या महिन्यात टाकी, माती व वनस्पती. पुढच्या महिन्यात ब्लॉकीचे पाच-सहा मासे. मग वर्षभर एका वहीत रोजची नोंद : तापमान, पाणी कधी बदलले, किती अंडी, किती पिल्ले, काय मेले आणि का. वर्षाअखेरीस ती वही उघडून पाहावी. मेलेल्यांचे कारण आपल्याला सांगता येत असेल आणि जगलेल्यांची संख्या वाढत असेल, तर दुसरी टाकी घ्यावी. तसे नसेल तर धंद्याचा विचार सोडून द्यावा. टाकी मात्र ठेवावी. दिवसभर यंत्रावर किंवा गल्ल्यावर बसून थकलेल्या डोळ्यांना संध्याकाळी ती हिरवी काच पाहून गारवा मिळतो, आणि घरातल्या मुलांना तिच्यातून नेमाने जीव सांभाळण्याची सवय लागते. तेवढ्यावरही तिचा खर्च वसूल होतो.